वडनेरच्या फळ्यावरची खोटी बातमी

मित्रांनो, मी वडनेरचा जुना फळा. शाळेतला नव्हे, रस्त्यावरचा. एसटी थांब्यासमोर दोन लाकडी खांबांवर मला उभं केलं, त्याला आता सतरा वर्षं झाली. माझ्या मधल्या फळीला उभी चीर गेली आहे, उजव्या खांबाला गोऱ्हे अंग घासतात आणि पावसाळ्यात पाठीवर पांढरी बुरशी चढते. ग्रामपंचायतीत टीव्ही आल्यापासून माझ्याकडं बघायला कोणाला सवड नाही. म्हाताऱ्यानं थोडी कुरकुर करायचीच, तेवढी ऐकून घ्या. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. माझ्या अंगावर उभ्या आयुष्यात एकदाच खोटी बातमी लिहिली गेली, आणि ती लिहिणारा होता गावातला सगळ्यात खरा माणूस. त्या दिवसाचा धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही.

नत्थू सुतारानं मला एकोणीसशे एकाहत्तर साली घडवलं. शाळेची दारं करून सागाच्या पाच फळ्या उरल्या होत्या, त्या त्यानं जोडल्या आणि दोन दिवस रंधा मारला. मग टॉर्चचे जुने सेल फोडून त्यातली काळी पूड काढली, माक्याच्या पाल्याच्या रसात कालवली आणि माझ्या अंगाला तीनदा चोळली. मी असा काळाकुळकुळीत झालो की नत्थूची बायको म्हणाली, एवढ्या काळ्याले कोन पोरगी देईन? मला काही वाईट वाटलं नाही. काळेपणातच माझी सारी शान होती.

मला बनवायची कल्पना अण्णाजींची. नाल्याकाठी त्यांची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, भेंडी, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. रोज पहाटेच्या गाडीनं ते टोपल्या घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जात आणि माल विकून परतताना वर्तमानपत्र आणत. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर असं की कोणीही थांबून पाहावं. गाडीतून उतरले की टोपल्या खाली ठेवायच्या, ओल्या फडक्यानं मला पुसायचं आणि लिहायला लागायचं. कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, गाडीची बदललेली वेळ, कोणाचा बैल हरवला, कोणाकडं लग्न, कोण वारलं, सगळं माझ्यावर येई. सगळ्यात वरची ओळ ते वीतभर अक्षरांत लिहीत, म्हणजे थांब्यावर क्षणभर टेकलेल्या गाडीतल्या लोकांनाही खिडकीतून वाचता यावी. बाकी मजकूर खाली, बारीक.

त्यांचा एक नेम होता. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. कोणी वारल्याची खबर आली तर आधी त्या घरी जायचे, डोळ्यांनी पाहायचे, घरच्यांशी दोन शब्द बोलायचे आणि मगच खडू उचलायचे. एकदा चिंधू गुराखी पुरात वाहून गेल्याची आवई उठली. सारं गाव हळहळलं, पण अण्णाजींनी खडूला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी चिंधू पलीकडच्या गावाहून म्हशी हाकत आला. तेव्हापासून पंचक्रोशीत एकच बोलणं झालं, वडनेरच्या फळ्यावर आलं म्हणजे ते खरं. एकदा एक मोठे साहेब जीपमधून उतरले, मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, असा फळा गावोगावी पाहिजे. सागाचं लाकूड काही फुगत नाही, पण त्या दिवशी मी फुगलो.

अण्णाजी लिहीत आणि महादेवराव वाचत. महादेवराव म्हणजे अण्णाजींचे लहानपणापासूनचे सोबती, कापसाचे शेतकरी. आवाज असा खणखणीत की नाल्यापलीकडं ऐकू जाई. गावात निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून रोज साडेदहाच्या सुमारास महादेवराव माझ्यापुढं उभे राहत आणि वरच्या ओळीपासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत. मधूनच टोमणाही मारत, अण्णाजी, या ‘पर्जन्यमान’ले आपल्या बोलीत पाऊस म्हणते म्हना. लोक हसत, अण्णाजीही हसत. ते दिवस फार चांगले होते.

मग अठ्ठ्याहत्तर साली दिल्लीत पक्ष फुटला. दिल्ली कुठं, वडनेर कुठं! पण ती चीर आमच्या गावापर्यंत आली. मधुकरराव नावाच्या एका पुढाऱ्यानं ग्रामपंचायतीसाठी कंदील पार्टी काढली, अण्णाजी त्यांच्यासोबत गेले. महादेवराव छत्री पार्टीचे म्होरके झाले. आधी नुसती चर्चा होती, पुढं तोंडं फिरली. त्या वर्षी पोळ्याला बैलांसाठी एका तोरणाऐवजी दोन तोरणं बांधली गेली. कंदीलवाल्यांचे बैल एकाखाली, छत्रीवाल्यांचे दुसऱ्याखाली! बैलांना तरी काय माहीत असणार हो, आपण कुठल्या पार्टीचे ते? बाया पाण्याला वेगवेगळ्या विहिरींवर जाऊ लागल्या. आणि महादेवरावांनी माझ्यापुढं येणं सोडलं. अण्णाजी लिहीत राहिले, पण वाचून दाखवणारा आवाज बंद झाला. ज्यांना वाचता येत नव्हतं ते माझ्याकडं बघून नुसते पुढं जात.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात निवडणूक आली. छत्रीच्या सभेत महादेवराव बोलायला उभे राहिले. सभा थांब्याजवळच होती, त्यामुळं मी शब्द न् शब्द ऐकला. ते म्हणाले, ज्याच्या वांग्यात किडे, त्याच्या बातमीत तरी काय निंघन? लोक खो खो हसले. पलीकडं गाडीची वाट बघत, टोपल्या घेऊन अण्णाजी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. आपल्या बातमीवर कोणी बोट ठेवलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि पहिलं बोट ठेवलं ते या माणसानं. माझ्या लाकडाला झोंबले ते शब्द, त्यांचं काय झालं असेल!

निकाल लागला. कंदील पार्टी आली. महादेवराव स्वतः सात मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजी हिंगणघाटला गेलेच नाहीत. सरळ माझ्याकडं आले. फडकं नीट पिळलंही नाही, खस्सकन मला पुसलं. खडू एवढा दाबून धरला होता की पहिल्याच अक्षराला त्याचे दोन तुकडे झाले. वरच्या ओळीत वीतभर अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘दुःखद निधन : महादेवराव’. माझा विश्वासच बसेना. काल संध्याकाळी तर मी महादेवरावांना धडधाकट चालत घरी जाताना पाहिलं होतं! मग खाली बारीक अक्षरांत आलं, ‘छत्री पार्टीचे पुढारी महादेवराव यांचे काल मतमोजणीत सात मतांनी निधन झाले. तेरवी पुढच्या निवडणुकीत होईल.’

अस्सं. थट्टा होती म्हणायची. कंदीलवाले चहाच्या टपरीवरून उठून वाचायला आले, टाळ्या दिल्या, अण्णाजींची पाठ थोपटली. अण्णाजी हसले, पण ते हसू मला अनोळखी होतं. मी आतून हादरलो होतो. आठ वर्षांत ज्या हातानं मला खोट्याचा ठिपका लागू दिला नाही, त्याच हातानं मला असं बरबटवावं? मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. पण फळ्याचं नशीब असं की जे लिहाल ते अंगावर घेऊन जगाला दाखवत उभं राहायचं.

आता पाहा काय झालं ते. साडेनऊला हिंगणघाटकडं जाणारी गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. खिडकीतून लोकांना वाचता आली ती फक्त वरची ओळ. खालची बारीक अक्षरं कोणी वाचली नाहीत, आणि एके काळी वाचून दाखवणारे महादेवराव हरल्याच्या लाजेनं पहाटेच दूरच्या शेतात वखर घेऊन निघून गेले होते. छत्रीवालाही कोणी त्या सकाळी थांब्याकडं फिरकला नाही. त्या गाडीत समुद्रपूरची रुख्माबाई बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या मास्तरांनी वरची ओळ मोठ्यानं वाचली, आणि समुद्रपूरला उतरताच ती शेजारणीच्या दारात धावली. कारण महादेवरावांची एकुलती बहीण धुरपता तिच्याच घराशेजारी दिली होती.

अण्णाजींना या कशाची कल्पना नव्हती. ते दुपारी वाडीतून तोडलेली भेंडी घेऊन संध्याकाळच्या गाडीसाठी थांब्यावर येऊन बसले. साडेतीनच्या सुमारास हिंगणघाटची गाडी आली. दार उघडायच्या आधीच आतून आक्रोश ऐकू आला. धुरपताबाई उतरली ती अनवाणी, केस सुटलेले, तोंडात पाण्याचा थेंब नसेल अशी. मागं तिचा नवरा, दोन जावा. त्या उन्हात डांबर वितळत होतं, त्यावरून ती तशीच धावत आली आणि माझ्या पायाशी कोसळली. आईबाप गेल्यावर महादेवरावांनीच तिला वाढवलं होतं, लग्न करून दिलं होतं. तिनं माझ्या खांबावर कपाळ आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. कपाळ फुटलं. त्या बाईचं रक्त माझ्या खांबाला लागलं, मित्रांनो, आणि मी जागचा हलू शकलो नाही.

अण्णाजींच्या हातातली टोपली सुटली. भेंड्या रस्ताभर पसरल्या. ते धावत आले, पण दोन पावलांवर थांबले. धुरपताबाईनं वर पाहिलं आणि त्यांना ओळखलं. लहानपणी हिला त्यांनी खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलं होतं.

“अण्णाजीभाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही तं पाह्यल्याबिगर लिहत नाई. तुम्ही पाह्यलं असन ना माह्या भावाले? शेवटी काय बोलला जी तो?”

अण्णाजींनी माझ्यावरच्या ओळीकडं पाहिलं. चेहरा खडूसारखा पांढरा पडला. गावासकट बाहेरच्या चार गावांत ज्या शब्दावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवत, तो शब्द एका बहिणीच्या कपाळातून रक्त काढत होता. आठ वर्षं कमावलेलं सगळं त्यांनी एका सकाळच्या रागापायी घालवलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या क्षणी त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात लहानू आला. लहानू म्हणजे महादेवरावांच्या वारलेल्या मोठ्या भावाचा मुलगा, पंचविशीचा, छत्रीचा कट्टर. हातात काठी आणि मागं दहा-पंधरा जण. त्यानं मला वरपासून खालपर्यंत वाचलं. आत्याच्या कपाळाचं रक्त पाहिलं. मग तो अण्णाजींकडं वळला. इकडून कंदीलवाले टपरीवरून उठले, त्यांच्याही हातात काठ्या आल्या. कोणी दगड उचलले. कालपर्यंत एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेली ही माणसं! आज इथं मुडदा पडणार आणि त्याला कारण माझ्यावरची अक्षरं असणार, या विचारानं माझ्या फळ्या सुन्न झाल्या. अण्णाजी पळाले नाहीत. हात खाली सोडून नुसते उभे राहिले.

गर्दी अचानक फाकली. कोणीतरी शेतात धावत निरोप नेला होता. महादेवराव आले. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर उपरणं, हातात बैल हाकायची तुतारी, म्हणजे अणकुचीदार काठी, तशीच. धुरपताबाईनं त्यांना पाहिलं आणि ती धडपडत उठली. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, छाती चाचपली, आणि मग त्यांच्या पायाशी बसकण मारून रडायला लागली ती थांबेना. लहानू म्हणाला, काकाजी, वाचा, काय लिहलं ते वाचा.

महादेवराव माझ्यापुढं उभे राहिले. दीड वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो होतो. त्यांनी वरची ओळ वाचली, मग खालच्या दोन. एकदा अण्णाजींकडं पाहिलं. काठ्या उचललेल्याच होत्या. मला वाटलं, आता हा माणूस एक शब्द बोलेल आणि सारं संपेल.

ते बहिणीजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, “काल माह्या डोक्यावर कावळा बसला, बाई. मीच अण्णाजीले सांगतलं, लिहून टाक म्हनून.”

मित्रांनो, तुम्हाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं जुना समज आहे. कोणाच्या डोक्यावर कावळा बसला तर त्याच्यावर मरण आलं असं मानतात. मग घरचे लोक दूरच्या नातेवाइकांना तो वारल्याची खोटी खबर धाडतात. जिवाभावाची माणसं खरी खरी रडली की मरण टळतं म्हणे. मी काही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही, पण गावात लहानथोर सगळ्यांना हे ठाऊक असतं. धुरपताबाईनं भावाकडं पाहिलं. रडता रडता ती त्याला बोलायला लागली, असा निरोप धाडते का कोनी, जीव गेला असता माहा, म्हणून त्याच्या दंडावर बुक्क्या मारल्या. गर्दीतला ताण सैल पडला. दगड खाली गेले.

लहानू मात्र तसाच उभा होता. त्याला वाचता येत होतं. तो म्हणाला, “काकाजी, पन खाली तं सात मताचं…”

“मले वाचता येते,” महादेवराव म्हणाले.

एवढंच. लहानूची काठी खाली आली. महादेवरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्यावरचा मजकूर पुसून टाकला. धुरपताबाईनं टपरीवरून साखर मागवली, कपाळाला चिंधी बांधलेल्या अवस्थेत उठली आणि भाऊ जिवंत असल्याच्या आनंदानं तिथं उभ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवत गेली. कंदीलवाल्यांच्या हातावर, छत्रीवाल्यांच्या हातावर. अण्णाजींच्या हातावरही. सगळ्यांनी ती तोंडात टाकली. अण्णाजींनी मूठ मिटली आणि तशीच मिटून ठेवली. महादेवराव त्यांच्याकडं न बघता बहिणीला घेऊन घरी गेले.

मी चक्रावून गेलो होतो. माझ्यावरचं खोटं पुसायला दुसरं खोटं बोललं गेलं, आणि त्या दुसऱ्या खोट्यानं माणूस वाचला. मग खरं कुठं राहिलं? मला उत्तर सुचेना.

ते अण्णाजींना सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, फडकं नीट पिळलं, मला दोनदा पुसलं आणि वरच्या ओळीत वीतभर अक्षरांत लिहिलं, ‘महादेवरावांच्या डोक्यावर कावळा बसला नव्हता.’ खाली लिहिलं, ‘कालची बातमी मी रागाने लिहिली. ती खोटी होती. धुरपताबाईंचे कपाळ माझ्यामुळे फुटले. महादेवराव काल जे बोलले ते माझा जीव वाचवण्यासाठी बोलले. – अण्णाजी.’

मधुकरराव धावत आले. नवे सरपंच, गळ्यातला हार अजून वाळला नव्हता. म्हणाले, मिटलेलं काऊन उकरून राह्यले, पुसा हे, पार्टीची इज्जत जाईन. अण्णाजी म्हणाले, इज्जत काल गेली, आज मी ती झाकून नाई राह्यलो, एवढंच. आणि माझ्या खाली, उन्हात, मांडी घालून बसले. काठी घेऊन कोणीही येऊ शकलं असतं. लहानू लांबून दोनदा येऊन पाहून गेला.

साडेदहाला महादेवराव आले. मागं धुरपताबाई होती, तिला परतीची गाडी धरायची होती. महादेवराव माझ्यापुढं उभे राहिले आणि काय सांगू, त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली! तोच खणखणीत आवाज. वरच्या ओळीपासून शेवटच्या शब्दापर्यंत. टपरीवरचे उठून आले, बाया घागरी घेऊन थांबल्या. ‘माझा जीव वाचवण्यासाठी’ हे शब्दही त्यांनी गाळले नाहीत. धुरपताबाई सगळं ऐकत होती. तिनं कपाळाच्या चिंधीला हात लावला, अण्णाजींकडं पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली. क्षमा तिनं पुढं केली, पण त्याआधी दोन राखीपौर्णिमा जाव्या लागल्या. पहिल्या वर्षी तिनं अण्णाजींना राखी बांधली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी बांधली.

गाडी गेल्यावर महादेवराव अण्णाजींशेजारी बसले. अण्णाजी म्हणाले, तुले सात मतं कमी पडले म्हनून नाई लिहलं मी. वांग्याचं बोलला तू, ते लागलं. महादेवराव म्हणाले, मले माहीत आहे. बोलून झाल्यावर मलेच गोड नाई लागलं, पन लोकं हासत होते.

मग ते म्हणाले, “तू तुह्या पार्टीचा, मी माह्या. माह्यावर लिहायचं असन तं लिहत जाय. पन आधी मले वाचून दाखवजो. माह्या तोंडावर वाचता आलं तं लिहजो.”

“अन् तू?” अण्णाजींनी विचारलं.

“मी बी. भाषणाआंधी तुह्या घरी येऊन बोलून दाखवीन.”

असा तो नेम ठरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ठरला. तुम्ही म्हणाल, मग दोघांची पार्टी एक झाली असेल. छे! अण्णाजी कंदीलच राहिले, महादेवराव छत्रीच. हातपंप कुठं बसवायचा यावरून त्यांनी माझ्यापुढं दीड तास घसा फोडून भांडण केलं. अण्णाजींनी कागदावर आणलं होतं, ‘महादेवरावांनी गावाचा हातपंप अडवला.’ महादेवराव म्हणाले, अडवला कुठं, वरच्या आळीतल्या बाया अर्धा कोस पाणी वाहते ते लिही ना. शेवटी माझ्यावर आलं, ‘कंदील पार्टीला हातपंप चौकात हवा. महादेवरावांचे म्हणणे, वरच्या आळीत पाणी नाही, आधी तिथे द्यावा.’ लोकांनी वाचलं, विचार केला, आणि पंप वरच्या आळीत बसला. अण्णाजी हरले. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या अक्षराला तोच देखणेपणा होता.

चौऱ्याऐंशीला पुन्हा निवडणूक झाली. या वेळी अण्णाजी स्वतः उभे राहिले आणि एकोणीस मतांनी पडले. छत्री पार्टी आली. सकाळी अण्णाजी नेहमीसारखे मला पुसत होते, तेवढ्यात लहानू आला. आता तिशीचा, छत्रीचा निवडून आलेला पंच. मागं चार-पाच जण, हसून हसून लाल झालेले. हातात कागद होता. मी ओळखलं. आता माझ्यावर पुन्हा काय येतं, या भीतीनं माझं काळीज गोठलं.

लहानू म्हणाला, काकाजी, आज लिहायचं आम्ही. अण्णाजी म्हणाले, लिहा की, तुमचा दिवस आहे. पन नेम तुले माहीत आहे. कोनावर आहे?

“तुमच्यावर,” लहानू म्हणाला.

“मंग वाच,” अण्णाजी म्हणाले, आणि ओलं फडकं हातात धरून ऐकायला उभे राहिले. बाजारात गिऱ्हाईक बोलताना कान देत, तसा कान दिला. तोंडावर राग नव्हता. डोळ्यांभोवती सुरकुत्या होत्या आणि बोटांना वांग्याचे काटे टोचल्याच्या खुणा.

लहानूनं कागद उलगडला. वाचलं, “सडक्या वांग्याची टोपली…” आणि थांबला. मागच्या एकानं त्याला कोपरानं ढोसलं. लहानूनं पुन्हा सुरू केलं, “सडक्या वांग्याची टोपली गावानं…” वर पाहिलं. अण्णाजी वाट बघत होते.

“पुढं वाच, बापा. ऐकून राह्यलो मी.”

लहानूनं कागदाची घडी केली. आणखी एक घडी केली. मागच्यांचं हसणं केव्हा थांबलं ते मला कळलं नाही. मग तो खाली बघत म्हणाला, “तुमच्या माघारी हे लय हासू येत होतं, काकाजी.”

अण्णाजींनी खडू त्याच्या हातावर ठेवला. त्या दिवशी माझ्यावर आलं ते एवढंच, छत्री पार्टीला इतक्या जागा, कंदीलला इतक्या, आणि गाव तेच.

मित्रांनो, मला पुन्हा काळं करा, नका करू. माझा काळ झाला. उद्या तुमच्याकडं माझ्याहून मोठे फळे येतील, त्यांच्यावर लिहिलेलं कुठल्या कुठं पोचेल, आणि कोणत्या खिडकीतून कोणती बहीण वरची तेवढी ओळ वाचून जाईल, ते तुम्हाला दिसणारही नाही. म्हणून हात जोडून एकच मागतो. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याविरुद्ध खुशाल लिहा, खुशाल भांडा. पण लिहायच्या आधी एकदा त्याच्या दारात जा, त्याच्या तोंडाकडं बघा आणि तुमचा कागद त्याला वाचून दाखवा. जे तिथं वाचता आलं नाही, ते माझ्यासारख्या कुठल्याही फळ्याच्या अंगावर लिहू नका.